छातीवर झेललेली कुऱ्हाड

२ ऑक्टोबर २०२५. वाडी.

गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. हा योगायोग नाही, मला दिलेला संदेश आहे.

आबांनी पूजेला कुऱ्हाड, कोयता आणि लोकर कातरायची कात्री मांडली. माझ्या धाकट्या भावाने, सूरजने, पळायचे बूट ठेवले. मी मोबाइल ठेवला. आज्जीने विचारलं, ह्यो कशाला? मी म्हणाले, आता हेच आपलं शस्त्र. हायकोर्टाचे निकाल यात फुकट वाचायला मिळतात, कुणालाही, कुठूनही. आज्जीने मोबाइलवर जरा जास्तच भंडारा टाकला. चार्जिंगच्या भोकात गेला.

संकल्प एक: जतच्या पूर्वेकडची ही आमची वाडी वर्षाच्या आत कायदा-साक्षर करायची. दर रविवारी देवळापुढे एक निकाल, मराठीत. नाव 'न्याय दारी'. मी या घरातली पहिली पदवीधर, तीही वकिलीची. मी नाही करणार तर कोण?

संकल्प दोन: कुणावरही रागवायचं नाही. हात उचलणं तर लांबच.

५ ऑक्टोबर. रविवार.

पहिलं वाचन. विषय: जमीन संपादन आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं. तीन माणसं. एक झोपला. एक माझा चार्जर मागायला आला होता. तिसरे आबा.

पायाभरणी झाली.

१२ ऑक्टोबर.

आज खुनाचं अपील वाचलं. साताऱ्याकडचं, उसाच्या सरीवरून दोन सख्खे भाऊ. देवळापुढे बसायला जागा पुरली नाही.

मी 'संशयाचा फायदा' या तत्त्वावर भर दिला. बायकांनी कोयत्यावर. घाव कुठून कुठपर्यंत, मानेचं हाड एका घावात तुटलं का, रक्त भिंतीवर उडालं की छपरावर. आज्जीने सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, आतडं भाईर आल्यावर त्यानं पानी मागितलं का? मी सांगितलं, तसं निकालात काही नाही. आज्जी म्हणाली, मग जजसायबाला कायबी ठावं न्हाई, मरताना पानी मागत्यातच.

लोकांना न्यायाची तहान आहे. आपण पाणी घेऊन गेलो पाहिजे.

१९ ऑक्टोबर.

आज दगडाने डोकं ठेचल्याचा निकाल. वाचनानंतर दोन जावांची काठवटीवरून जुंपली. मोठीने लाटणं हाणलं, धाकटीने तीच काठवट. कपाळाला तीन टाके.

आई म्हणाली, हे तुझ्या वाचनाचं. मला पटत नाही. उलट मोठी जाऊ रक्त पुसता पुसता 'आत्मसंरक्षण' हा शब्द अगदी अचूक वापरत होती. साक्षरता वाढते आहे.

२७ ऑक्टोबर. सांगली.

आठवडाभर मी सांगलीत, वकील मानसिंगराव यांच्या ऑफिसात ज्युनिअर. ऑफिस हळदीच्या पेठेला लागून. फाइल उघडली की पिवळी धूळ उडते, अशील शिंकतो, सर म्हणतात, खरं बोलतोय.

सरांना 'न्याय दारी'बद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, निकाल शेवटून वाचायचा. सुरुवातीला सरकारी पक्ष काय म्हणतो ते असतं. कोर्ट काय म्हणतं ते शेवटी. अर्धा निकाल वाचून कित्येकांनी डोकी फोडून घेतलीत.

सर जुन्या वळणाचे. त्यांना फळ हवं असतं, मला प्रवास.

८ नोव्हेंबर. वाडी.

आजचा दिवस सोन्याने लिहावा. निकाल फुकट देणाऱ्या त्या साइटवर सहज आमच्या वाडीचं नाव टाकलं. एक निकाल निघाला. १९८९. 'कोंडीबा विरुद्ध महाराष्ट्र सरकार'.

आमची केस! आमच्या आकाराम आज्जाची!

(या वहीला सगळं माहीत असावं म्हणून लिहिते. आकाराम म्हणजे माझे आजोबा, आबांचे वडील, आता हयात नाहीत. विहिरीवर कुणाची मेंढरं आधी पाणी पिणार यावरून चुलत घरातल्या कोंडीबाने त्यांच्यावर कुऱ्हाड उचलली. आज्जाने देवाच्या कोकरासाठी ती छातीवर झेलली. म्हणून बिरोबाच्या जत्रेत देवाची छत्री धरायचा मान आमच्या घराचा. कोंडीबा तुरुंगात जाऊन आला. अजून जिवंत आहे. दर जत्रेत ढोलाच्या ठेक्यावर ओवी म्हणतात, 'आकारामानं छातीवर घेतली कुऱ्हाड'. तेव्हा म्हातारी माणसं रुमालात तोंड खुपसून बसतात, खांदे हलत असतात. इतकी भक्ती मी कुठे पाहिली नाही.)

मला आज्जा अंधुक आठवतो. कायम एका कुशीवर बसायचा. राजे बसतात तसा.

साइटवर फक्त पहिली सहा पानं आहेत. वाचून अंगावर काटा आला. 'आरोपीने धारदार कुऱ्हाडीने जिवे मारण्याच्या उद्देशाने वार केला.' हायकोर्टाचे शब्द! अपील कोंडीबानेच केलं होतं. म्हणजे फेटाळलंच असणार.

संध्याकाळी.

जेवताना जाहीर केलं. आबांचा ऊर भरून आला. आज्जीचा हात भाकरीतच थांबला. तिने विचारलं, किती पानं घावली? सहा, मी म्हणाले. आज्जी म्हणाली, सा बास हायत.

तिचं शिक्षण नाही. अभिलेखागार ही कल्पना तिला कळत नाही.

९ नोव्हेंबर.

साइटवाल्यांना मेल केला. ही सगळी मंडळी बिनपगारी काम करतात. लिहिलं: 'उरलेली पानं कृपया शोधून चढवा. न्याय ही झाकून ठेवायची वस्तू नाही. कुणाचंही नाव, कुठलंही पान, कुणाच्याही सोयीसाठी लपवलं जाऊ नये.'

तीनदा वाचलं. चांगलं जमलं आहे.

१६ नोव्हेंबर.

साइटवाल्यांचं उत्तर! शोधतो म्हणाले. आणि माझी ती वाक्यं साइटच्या पहिल्या पानावर लावली तर चालेल का, असं विचारलं. नावासकट. चालेल म्हणून कळवलं. दोन मिनिटांत.

कोंडीबा आज्जा देवळाच्या कट्ट्यावर होता. म्हातारा झालाय, हातात काठी, डोळ्यांत मोतीबिंदू. मला जवळ बसवून उकडलेल्या शेंगा दिल्या. म्हणाला, पोरी, त्ये कागूद झोपल्यात. झोपू दे की त्यास्नी.

अपराधी मन असंच बोलतं. मी शेंगा खाल्ल्या, पण मनाने तटस्थ राहिले.

३० नोव्हेंबर.

सूरजची मेडिकल पास! धावणं आधीच झालं होतं, लेखीही. आता फक्त पोलीस पडताळणी, मग सैन्यात. चार वर्षं तो डांबरी सडकेवर टँकरच्या पुढे पळत होता. आईने त्याच्या बुटांना हळद-कुंकू लावलं.

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, अक्का, जत्रेत तुझं ते वाचन हाय म्हणं. भांडाण होईल आसलं कायबी करू नगं. जॉइनिंग हुस्तवर माझ्या नावावर येक कागूद नगं.

मी म्हणाले, अरे वेड्या, निकाल म्हणजे भांडणाचा शेवट. निकालाने भांडण कसं होईल?

तो कपाळावर हात मारून पळायला निघून गेला. फौजेत गेल्यावर त्याची दृष्टी व्यापक होईल.

१४ डिसेंबर. जत्रा. सकाळी ७.

मेल आला! पूर्ण निकाल, सगळी पानं. साइटवाल्यांनी कुठल्या तरी जुन्या प्रतीवरून स्कॅन केली. देव आहे.

आधी वाचायला वेळ नाही. नैवेद्य, पाव्हणे, ढोलाच्या वाखाच्या दोऱ्या ताणायच्या. पण हरकत नाही. मी पदवीधर आहे, माइकवर वाचता वाचता भाषांतर करीन. ताजेपणा राहतो.

सूरजने सकाळी परत विचारलं, सगळं वाचलंस नव्हं? मी म्हणाले, हो. म्हणजे वाचणारच आहे.

१५ डिसेंबर. सरकारी दवाखाना.

पोटावर पालथी पडून लिहिते आहे. कारण पुढे येईल.

काल जे झालं त्यात माझी बाजू नीट नोंदवून ठेवणं गरजेचं आहे.

दुपारी छत्री निघाली. आबांनी सदरा काढून उघड्या छातीने धरली, रिवाजाप्रमाणे. मी माइक घेतला. पहिली सहा पानं वाचताना प्रत्येक 'कुऱ्हाड' शब्दाला ढोलावर टिपरू पडत होतं. लोक भंडारा उधळत होते. कोंडीबाचा नातू बिरदेव खाली मान घालून उभा. मला त्याची दयाही आली.

सातवं पान. 'तथापि.'

इथे थांबायला हवं होतं, असं आता वाटतं. पण भाषांतराचा दोष असा की वाक्य सुरू केलं की ते कुठे जातंय ते शेवटीच कळतं. तथापि, डॉक्टरांच्या साक्षीनुसार छातीवर कसलीही जखम नव्हती. जखम होती ती डाव्या नितंबावर. कुऱ्हाड आकारामाचीच होती. आकारामच ती घेऊन कोंडीबाच्या मागे लागला होता. कोंडीबा वळून उभा राहिल्यावर आकाराम उलटा पळाला आणि बोरीच्या काट्यांच्या कुंपणावरून उडी मारताना स्वतःच्या कुऱ्हाडीवर बसला.

ढोलावरचं टिपरू थांबलं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, नितंब म्हंजी काय?

मी योग्य शब्द शोधत होते. तेवढ्यात आज्जीने माझ्या हातातला माइक ओढला आणि म्हणाली, आरं ढुंगाण, ढुंगाण! मी स्वता मलम लावलंय दोन म्हयनं. बंद कर ग पोरी आता त्ये.

कर्णा कानडी मुलखापर्यंत ऐकू जातो.

मी माइक परत घेतला, बंद केलं नाही. अर्धवट थांबणं हा न्यायाचा अवमान. शेवटची ओळ वाचली: 'अपील मंजूर. कोंडीबा निर्दोष.'

त्यानंतरचा क्रम मला नक्की सांगता येणार नाही. बिरदेव ओरडला, माझा आज्जा तीन वरसं फुकट आत सडला, आन् तुमी ढुंगणाच्या जखमंवर छत्री मिरवताय व्हय रं? त्याने छत्रीला हात घातला. आबांनी सोडली नाही. छत्रीचा दांडा मधोमध मोडला. बिरदेवकडचं अर्धं आबांच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी माइकमधून ऐकला. हुरड्याचं कणीस मोडतं तसा.

मग दोन्ही घरं उठली. आमच्या धाकट्या चुलत्याने ढोलाचं टिपरू घेतलं आणि समोर येईल त्याचे दात मोजले. बिरदेवच्या आईने मूठभर भंडारा आईच्या डोळ्यांत फेकला आणि आंधळ्या झालेल्या आईने नैवेद्याचा पितळी तांब्या फिरवला, तो आमच्याच मामाच्या कानशिलात बसला. मामा उभा कोसळला. दगड सुरू झाले. एकाची भुवई फाटून डोळ्यावर लोंबायला लागली. पिवळ्या भंडाऱ्यात रक्त मिसळलं की शेंदरी चिखल होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोघं जण त्यात घसरून पडले आणि पडल्या पडल्या एकमेकांचे गळे आवळत राहिले. ज्या दोन जावांचं काठवटीवरून झालं होतं त्या आज एका बाजूने लढत होत्या. एवढीच एक चांगली गोष्ट.

मी अहिंसेचं आवाहन करत होते. माइकवरून. बिरदेव माइक हिसकायला आला. मी माइक त्याच्या नाकावर ठेवला. मारला नाही, ठेवला, जरा वेगाने. तरी तो सोडेना, तेव्हा मी त्याच्या हाताला चावले. मांसाचा तुकडा आला, पण अगदी लहान. तो कानडीत काहीतरी म्हणाला. त्याचं भाषांतर मी करणार नाही.

सूरजने मला मागून कमरेला धरून ओढलं. बिरदेवच्या हातातला मोडका दांडाही त्यानेच काढून घेतला. पूर्ण मारामारीत त्याने कुणाला बोटही लावलं नाही. ओठ फुटला तरी हात खालीच. फौजेच्या लायकीचा मुलगा.

माझी जखम: काठीचा फटका, डाव्या बाजूला, मागे. डॉक्टरांनी कागदावर जागा लिहिली आहे. मी पळत नव्हते. वळले होते. यात फरक आहे.

दुपारी. तिथेच.

आज्जी डबा घेऊन आली. म्हणाली, कोंडीबा सुटून आला तवा तुझा आज्जा दिवळात त्येच्या पाया पडला. छत्री घे म्हनला. कोंडीबा म्हनला, छत्री घिऊन काय चाटू, माज्या मेंढरांस्नी पानी आधी पाजू दे. तवापास्नं छत्री आमाला, पानी त्यांस्नी. समद्या म्हाताऱ्यांस्नी ठावं हाय. वोवी म्हनताना हसू दाबाय रुमाल लागतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आज्जी म्हणाली, तू इचारलंस कवा? तू वाचून दावत हुतीस.

डब्यात मटण होतं. मार खाल्ल्याला चांगलं असतं म्हणे.

१६ डिसेंबर.

बिरदेवच्या घरच्यांनी फिर्याद दिली. आपलीही द्यावी असं आबा म्हणाले. मी लिहून दिली. ठाण्यातल्या हवालदारांनी एवढी व्यवस्थित फिर्याद आजवर पाहिली नव्हती. जागेचं वर्णन, दिशा, कोण कुठे उभं, कुणाच्या हातात काय. कुणालाही वगळलं नाही. स्वतःच्या माणसांना झाकायचं आणि दुसऱ्यांची नावं घालायची, हा आपल्या समाजाचा रोग आहे. त्यामुळे हेही लिहिलं: 'माझा भाऊ सूरज हजर होता. त्याच्या हातात छत्रीचा मोडका दांडा होता.'

खरं ते खरं.

हवालदारांनी विचारलं, बाई, हे वाक्य ठेवायचंय? मी म्हणाले, ठेवा.

२ जानेवारी २०२६. सांगली.

नव्या वर्षाचा संकल्प: शांत राहणं.

दोन्ही फिर्यादींत सूरजचं नाव. त्यांच्यात त्यांनी घातलं म्हणून, आमच्यात मी घातलं म्हणून. पोलीस पडताळणी अडकली. सूरज माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की बूट घासल्याचा आवाज येतो.

मानसिंगरावांनी माझी फिर्याद वाचली. शेवटून. मग म्हणाले, बाई, तुमची लेखी मराठी फार सुंदर आहे. आणि खिडकीपाशी जाऊन बाहेरची हळदीची पोती मोजायला लागले.

उपाय आहे. दोन्ही बाजूंच्या संमतीने हायकोर्ट गुन्हे रद्द करू शकतं. आता तर हायकोर्ट कोल्हापुरात बसतं. मीच अर्ज तयार करते. ही संधी आहे.

१८ जानेवारी. वाडी.

तडजोडीची बैठक, देवळापुढे. दहा मिनिटं चांगली गेली. मग मी समजुतीच्या मसुद्यातलं पहिलं कलम वाचलं आणि त्यात 'डावा नितंब' आला. बिरदेव हसला. धाकट्या चुलत्याने त्याच्या तोंडावर चप्पल फेकली. बिरदेवने चुलत्याला कॉलरला धरून पाण्याच्या टाकीवर दोनदा आपटलं. पुढचा दात टाकीत पडला. आजवर सापडलेला नाही. लोक ते पाणी पीत आहेत.

शेवटी कोंडीबा आज्जा उठला. म्हणाला, छत्री त्यांची, पानी आमचं. हुतं तसं ऱ्हाऊ द्या. ज्याला न्हाई पटत त्येनं माज्याशी कुस्ती धरावी. ऐंशीच्या पुढचा माणूस. हातातली काठी थरथरत होती. कुणी धरली नाही.

सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या मसुद्याचं यश.

२० फेब्रुवारी. कोल्हापूर.

गुन्हे रद्द! एकच अट: दोन्ही घरांनी मिळून विहिरीतला गाळ काढायचा.

बाहेर येऊन सूरजच्या गळ्यात पडले. त्याने पडू दिलं. त्याने इतकंच विचारलं, आता नाव गेलं नव्हं? मी म्हणाले, मुळापासून.

संध्याकाळी.

आदेश साइटवर आलासुद्धा! काय तत्परता! पहिल्यांदा माझं नाव हायकोर्टाच्या कागदावर. वकील म्हणून नव्हे, अर्जदार क्रमांक सहा म्हणून. पण सुरुवात इथूनच होते.

शेवटून वाचला. 'गुन्हे रद्द करण्यात येतात.' सुंदर.

मग पुढून वाचला. पहिल्या दोन पानांत माझी फिर्याद जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहे. दिशा, जागा, हत्यारं. 'अर्जदार क्रमांक तीन सूरज याच्या हातात मोडका दांडा होता.' 'अर्जदार क्रमांक सहा, कायद्याची पदवीधर, हिने चावा घेतला.' खाली माझी जखम, जागेसकट.

थोडं मागे-पुढे होणारच. शेवट महत्त्वाचा.

९ मार्च. वाडी.

पडताळणी करणाऱ्याने सूरजचं नाव मोबाइलवर टाकलं. आदेश निघाला. त्याने पहिलं पान छापून सूरजच्या कागदांना जोडलं आणि शेरा मारला: 'मारामारीच्या गुन्ह्यात सहभाग.'

मी ठाण्यात गेले. सांगितलं, साहेब, निकाल शेवटून वाचायचा असतो. ते म्हणाले, मॅडम, एवढं कोण वाचतं? सुरुवातीलाच सगळं लिवलंय की, किती ब्येस मराठीत.

आदेश इंग्रजीत होता. पण शेजारी त्यांनी मूळ फिर्याद ठेवली होती.

बाहेर येऊन ठाण्याच्या पाटीवर दगड मारला. लागला नाही. लागला असता तर ती वेगळी गोष्ट झाली असती, म्हणून हे नोंदवून ठेवते.

११ मार्च. सांगली.

साइटवाल्यांना मेल केला. विनंती: आदेशातलं सूरजचं नाव झाकावं. फक्त नाव. बाकी सगळं राहू द्या. माझा चावासुद्धा. भावाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

हे तत्त्वाविरुद्ध नाही. तत्त्व तेच आहे. अपवाद एकच आहे.

१४ मार्च.

उत्तर आलं. अतिशय नम्र. त्यांना वाईट वाटतं. पण कोर्टाच्या आदेशाशिवाय ते नाव काढू शकत नाहीत. साइटचं धोरण पहिल्या पानावर दिलं आहे, ते कृपया वाचावं.

वाचलं. 'कुणाचंही नाव, कुठलंही पान, कुणाच्याही सोयीसाठी लपवलं जाऊ नये.' खाली माझं नाव.

४ एप्रिल. वाडी.

विहिरीचा गाळ काढला. दोन्ही घरं, सूरजही. दुपारपर्यंत कुणी कुणाला मारलं नाही. मग पाटी कुणी उचलायची यावरून फावडी उचलली गेली, पण कोंडीबा आज्जा वरून नुसता खाकरला आणि ती खाली आली.

सूरजच्या शेऱ्यावर मी अर्ज केला आहे. मानसिंगराव म्हणाले, सुधारेल, पण ही तुकडी गेली. पुढच्या वर्षी वयात बसतो, हे नशीब. धावणं पुन्हा पहिल्यापासून.

मी सूरजला म्हणाले, एक वर्ष जास्त तयारीला मिळालं. त्याने फावड्याने गाळ उचलून माझ्या पायांजवळ टाकला. पायांवर नाही. जवळ.

१ मे. वाडी.

आज सूरजच्या तुकडीची मुलं सांगलीहून गेली. मेडिकलच्या वेळी भेटलेल्या एकाने स्टेशनवरून फोटो पाठवला. सूरजने बघून मोबाइल खिशात टाकला.

मेंढरं कातरायचा दिवस. दोन्ही घरं एकत्र, कारण कात्र्या त्यांच्याकडे चार आणि आमच्याकडे दोन. बिरदेवच्या हातावर माझ्या दातांचा वण आहे, नीट भरला आहे. तो मेंढी दाबून धरताना मी बघत होते, तर म्हणाला, बघताय काय वकीलबाई, आनी एक घास पायजे का? सगळे हसले. मी हातातली कात्री खाली ठेवली. संकल्प दोन.

जेवणं झाल्यावर ढोल निघाले. सूरजने एक ढोल गळ्यात घेतला. जत्रेनंतर पहिल्यांदाच. कोंडीबा आज्जाने कानावर हात ठेवला आणि नवी ओवी लावली:

'आकारामाची नात गं, वकील झाली,
छातीवर काठी तिनं हासत घेतली...'

सूरजने 'छातीवर' या शब्दाला इतक्या जोरात टिपरू हाणलं की मेंढरं उधळली. तो हसत होता. दात दिसेपर्यंत. डिसेंबरनंतर मी ते पाहिलं नव्हतं.

आज्जीने रुमाल काढला. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यांनीही काढले. सगळ्यांचे खांदे हलायला लागले.

माझ्या मोबाइलमध्ये आदेश होता. पान दोन, खालून चौथी ओळ. खरं काय ते तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे, कुणालाही फुकट वाचता येईल.

आबांनी मला बसायला घोंगडं पुढे केलं. मी डावी बाजू उचलून, एका कुशीवर, नीट बसले आणि शेवटपर्यंत ओवी ऐकली.